मुक्त स्रोत प्रणालीवर संकेतस्थळ : भोर-वेल्ह्यातील संस्थांसाठी माहिती

पुणे जिल्ह्याच्या दक्षिण व नैऋत्य भागातील भोर आणि वेल्हे हे डोंगराळ तालुके. वेल्हे तालुक्याच्या 'राजगड' या नामांतरास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. येथील दुर्गम गावांतून एका दाखल्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी यायचे, तर अख्खा दिवस मोडतो. कोणती कागदपत्रे लागतात, कार्यालय कधी उघडे असते, वरंध घाटातील वाहतूक सुरू आहे की बंद, ही माहिती संकेतस्थळावर अचूक मिळाली, तर हेलपाटा वाचतो. जुनी माहिती मात्र हेलपाटा वाढवते. म्हणूनच संकेतस्थळ उभारण्यापेक्षा ते अद्ययावत ठेवणे अधिक महत्त्वाचे ठरते.

प्रणाली म्हणजे काय?

पूर्वी संकेतस्थळाचे प्रत्येक पान स्वतंत्र फाइल असे. एक ओळ बदलायची तरी तंत्रज्ञाला बोलवावे लागे. आशय व्यवस्थापन प्रणालीत (सीएमएस) मजकूर माहितीसाठ्यात, म्हणजे डेटाबेसमध्ये, राहतो आणि पानाचे रूप वेगळ्या साच्यात ठरते. त्यामुळे टंकलेखन येणारा लिपिक किंवा शिक्षकही सूचना प्रसिद्ध करू शकतो. एकाने लिहावे व दुसऱ्याने तपासून प्रसिद्ध करावे, अशी अधिकारांची विभागणीही करता येते.

'मुक्त स्रोत' याचा अर्थ आज्ञावली सर्वांना वापरण्यास, अभ्यासण्यास, बदलण्यास व वाटण्यास खुली असते. ड्रुपल (२००१), वर्डप्रेस (२००३) आणि जुमला (२००५) या तिन्ही प्रणाली 'जीपीएल' परवान्याखाली उपलब्ध आहेत. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

जिल्ह्याचे उदाहरण

पुणे जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एसथ्रीवॅस' या सेवेवर चालते. या सेवेचा पाया वर्डप्रेस हाच आहे. साचे, सर्व्हर व सुरक्षा यांची जबाबदारी केंद्राकडे, तर मजकुराची जबाबदारी कार्यालयाकडे, अशी ही वाटणी आहे. मात्र ही सेवा शासकीय कार्यालयांसाठी आहे. खासगी शाळा, पतसंस्था, दूध संस्था किंवा गडसंवर्धन मंडळ यांना आपली व्यवस्था स्वतःच करावी लागते.

वेल्ह्याचे नामांतर ही अशा प्रणालीची चांगली कसोटी म्हणता येईल. शीर्षकातील व यादीतील नाव साच्यात एकदा बदलले, की ते सर्व पानांवर बदलते. जुन्या आदेशांतील 'वेल्हे' हा शब्द मात्र तसाच ठेवावा, कारण तो त्या वेळचा दस्तऐवज असतो. पानाचा पत्ता बदलल्यास जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारी सोय करावी. शोध घेताना दोन्ही नावे चालावीत, याचीही काळजी घ्यावी.

सॉफ्टवेअर विनामूल्य, सांभाळ नव्हे

प्रणालीची किंमत शून्य असली, तरी संकेतनाम व सर्व्हरची जागा यांचे शुल्क ठराविक मुदतीने भरावे लागते. देखभालीसाठी माणूसही लागतो. संस्थांनी पुढील बाबी आधीच ठरवाव्यात :

- संकेतनाम संस्थेच्याच नावे नोंदवावे. ते संकेतस्थळ तयार करणाऱ्याच्या नावे राहिले, तर तो सोडून गेल्यावर संस्थेच्या हाती काहीच उरत नाही.
- मुख्य परवलीचा शब्द किमान दोन जबाबदार पदाधिकाऱ्यांकडे असावा.
- मूळ प्रणाली व तिची जोडसाधने (प्लगइन) वेळोवेळी अद्ययावत करावीत. जुनी जोडसाधने व सोपे परवलीचे शब्द या घुसखोरीच्या नेहमीच्या वाटा आहेत.
- माहितीसाठा व छायाचित्रे यांची प्रत नियमितपणे दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि ती परत उभी राहते का, हेही तपासून पाहावे.
- मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. जुन्या फॉन्टमधील मजकूर अनेक संगणकांवर वाचता येत नाही आणि शोधातही सापडत नाही. सूचनेची केवळ छायाप्रत चढवली, तरी हीच अडचण येते.
- पाने हलकी ठेवावीत. डोंगरी भागात मोबाइलचे जाळे क्षीण असते, तेथे जड छायाचित्रांची पाने उघडतच नाहीत.

ग्रामपंचायतींसारख्या सार्वजनिक प्राधिकरणांवर तर कायद्याचेही बंधन आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करून ती दरवर्षी अद्ययावत करावी लागते. या कामी अशी प्रणाली उपयुक्त ठरते.

प्रणाली कोणती निवडावी, हा प्रश्न त्यामुळे दुसरा ठरतो. पहिला प्रश्न असा, की दर सोमवारी संकेतस्थळ उघडून कालबाह्य सूचना कोण काढणार? ते नाव ठरले असेल, तर तिन्हींपैकी कोणतीही प्रणाली चालेल.