हाताने दूध काढणे : शीवच्या दूधपेढीने शिकवलेला धडा

"डॉक्टर, बाळ काचेच्या पेटीत आहे, ओढतच नाही. माझं दूध आटून जाईल का?" किंवा "पुढच्या महिन्यात ऑफिस सुरू होतंय, कोणता पंप घेऊ?" पवईत प्रॅक्टिस करताना हे दोन प्रश्न मला नेहमी ऐकू येतात. दोन्ही प्रश्नांच्या उत्तराची सुरुवात एकच आहे: तुमचे दोन हात. हाताने दूध काढण्याची ही पद्धत कुठून आली आणि आपल्या मुंबईत तिने काय घडवले, ते आज समजून घेऊ.

जुने ज्ञान आणि एक जुनी चूक

सुश्रुतसंहितेत बाळाला पाजण्याआधी स्तन धुऊन थोडे दूध पिळून टाकावे असे सांगितले आहे. तसे केले नाही तर तटतटलेल्या स्तनातून एकदम दूध येऊन बाळाला खोकला, धाप किंवा उलटी होते, असे कारणही दिले आहे. हे निरीक्षण आजही पटते. छाती दगडासारखी झाली असेल तर आधी थोडे दूध काढा. काळसर भाग मऊ पडतो आणि बाळाला नीट पकडता येते.

मात्र त्याच ग्रंथात पहिले दोन-तीन दिवस बाळाला मध-तूप देण्याचा सल्लाही आहे. अनेक घरांत अजून मधाचे बोट लावतात आणि पहिले पिवळसर दूध 'खराब' म्हणून पिळून टाकतात. गंमत पाहा, गाय व्यायली की आपण तिचा चीक मागून आणतो आणि खरवस करतो, पण आपल्याच बाळाच्या वाट्याचा चीक फेकून देतो! या चिकात जंतूंशी लढणारे घटक भरपूर असतात. तो थेंबभर असला तरी बाळालाच द्या. मध मात्र एक वर्षापर्यंत अजिबात नको. त्यातून क्वचित जीवघेणा आजार होऊ शकतो.

शीवमध्ये काय घडले?

पूर्ण दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ घालता येत नाही. तो साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास जमू लागतो. तोपर्यंत बाळाला काय द्यायचे? पूर्वी बऱ्याच ठिकाणी पावडरचे दूध आणि बाटली हेच उत्तर असे. गर्दीच्या वॉर्डात बाटलीबरोबर जंतू येत, मग जुलाब, रक्तात संसर्ग आणि मृत्यू.

धारावीला लागून असलेल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात बाळांचा विभाग पाहत होत्या. महापालिकेचे रुग्णालय, साधने मोजकी, बाळे खूप. त्यांनी बाळाच्या देखभालीत आईलाच सामील करून घेतले. पावडर आणि बाटली बाजूला सारून आईच्या दुधावर भर दिला. ज्या बाळांना ओढता येत नव्हते, त्यांच्यासाठी आईने दूध काढून द्यायचे. संसर्गाविरुद्ध हाताशी असलेले हे सर्वांत स्वस्त औषध होते.

पण आई स्वतःच अत्यवस्थ असेल तर? त्यातून १९८९ मध्ये तिथे मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातली ही पहिली पेढी मानली जाते. जगातली पहिली पेढी व्हिएन्नात १९०९ मध्ये निघाली होती. पेढीचे काम साधे पण काटेकोर असते. ज्या आईला स्वतःच्या बाळाला पुरून दूध उरते, तीच दान करते. तिच्या रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी यांसारख्या आजारांसाठी तपासणी होते. दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवून पाश्चराइझ करतात, जंतू उरले नाहीत ना ते पाहतात आणि उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. म्हणून ओळखीतल्या कुणाचे दूध परस्पर, तपासणीशिवाय बाळाला पाजू नका.

याच काळात पावडरच्या डब्यांच्या जाहिरातींनाही लगाम बसला. स्तनपानासाठी काम करणारी बीपीएनआय ही संस्था १९९१ मध्ये वर्ध्याला स्थापन झाली आणि १९९२ मध्ये बालदुग्ध-पर्याय व बाटल्यांच्या प्रचारावर बंदी घालणारा कायदा झाला.

पंप असताना हात कशाला?

दूध काढण्याच्या पंपाचे पेटंट अमेरिकेत १८५४ मध्येच निघाले होते. आज विजेवरचे पंप सहज मिळतात आणि नोकरीवर परतणाऱ्या आईला त्यांचा उपयोगही होतो. पण पहिल्या दोन-तीन दिवसांतला चीक दाट आणि थोडा असतो. तो पंपाच्या नळीतच चिकटून राहतो, हाताने मात्र थेंब न् थेंब निघतो. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉ. जेन मॉर्टन यांच्या २००९ च्या अभ्यासात, पहिल्या तीन दिवसांत पंपाबरोबर वारंवार हाताने दूध काढणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मातांना पुढे जास्त दूध आले. शिवाय हाताला ना वीज लागते ना पैसे. टॉवरमधल्या आईइतकीच बांधकामावरची आईही हे करू शकते.

कसे काढायचे?

१. हात साबणाने धुवा. उकळून घेतलेली स्टीलची वाटी घ्या.
२. बाळाला जवळ घ्या किंवा नुसते पाहा. पाठ हलके चोळून घ्या. मन शांत असले की पान्हा लवकर फुटतो.
३. अंगठा काळसर भागाच्या वरच्या कडेला आणि बोटे खालच्या कडेला ठेवा. बोंड ओढू नका.
४. आधी छातीच्या दिशेने आत दाबा, मग अंगठा-बोटे एकमेकांकडे दाबा, सोडा. पुन्हा तसेच. कातडीवर बोटे घासू नका. दुखत असेल तर पद्धत चुकते आहे.
५. बोटांची जागा बदलत सगळ्या बाजूंनी काढा. दोन्ही बाजू मिळून २० ते ३० मिनिटे लागतात.

बाळ पेटीत असेल तर बाळंतपणानंतर पहिल्या सहा तासांतच सुरुवात करा आणि दिवसरात्र मिळून किमान आठ वेळा काढा. रात्रीची वेळ चुकवू नका. सुरुवातीला चमचाभरही निघाले नाही तर घाबरू नका. स्तन जितका रिकामा कराल, तितके दूध तयार होते. काढले नाही तर मात्र शरीर ते बनवणे कमी करते.

मुंबईच्या उकाड्यात काढलेले दूध बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका. फ्रिजमध्ये दारात नाही, आतल्या बाजूला ठेवा आणि २४ तासांत वापरा. ते उकळू नका, मायक्रोवेव्हमध्येही ठेवू नका. वाटी कोमट पाण्यात ठेवली की पुरे. पाजायला बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडले चांगले. पेटीतल्या बाळासाठी साठवणीचे नियम तिथल्या डॉक्टरांकडूनच घ्या.

स्तनात लाल, दुखरी गाठ आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पण दूध काढणे थांबवू नका. साठून राहिले तर पू होण्याचा धोका वाढतो.

घरातल्या मंडळींनाही एक विनंती. "तुला दूध कमी आहे" हे वाक्य बाळंतिणीसमोर उच्चारू नका. तिला पाण्याचा तांब्या द्या, भांडी उकळून द्या, अर्धा तास निवांत बसू द्या. शीवच्या वॉर्डात मातांना कामी आली ती कुणीतरी शेजारी बसून नीट शिकवलेली पद्धत. तुमच्या रुग्णालयातल्या सिस्टरला घरी जाण्याआधी एकदा ती समोर करून दाखवायला सांगा.