वेळापत्रकाचा सेनापती

३ जुलै १८६६. बोहेमियातलं क्योनिगग्रेट्स, आजच्या झेक प्रजासत्ताकातलं. प्रशिया आणि ऑस्ट्रियाच्या फौजा समोरासमोर, दोन्हीकडची मिळून चार लाखांहून जास्त माणसं. लढाई ऐन भरात असताना प्रशियाच्या एका डिव्हिजनच्या प्रमुखाकडे वरून हुकूम आला. तो वाचून त्याने म्हणे विचारलं की हुकूम ठीक आहे, पण हा जनरल मोल्टके कोण?

किस्सा तिखटमीठ लावून सांगितला गेला असेल, पण टिकला, कारण त्यात तथ्य होतं. हेल्मुट फॉन मोल्टके तेव्हा पासष्ट वर्षांचा होता. प्रशियाच्या जनरल स्टाफचा, म्हणजे युद्धाचं नियोजन करणाऱ्या कचेरीचा, तो बरीच वर्षं प्रमुख होता. थेट सेनापतींना हुकूम देण्याचा अधिकार मात्र त्याला जेमतेम महिन्याभरापूर्वी मिळाला होता. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ऑस्ट्रियाचा पराभव झाला आणि मोल्टके कोण, हे युरोपला कळलं.

मला या माणसाविषयी कुतूहल आहे ते मात्र त्याने पुढे चोवीस वर्षांनी, नव्वदीच्या उंबरठ्यावर, जे बोलून दाखवलं त्यामुळे. ते समजून घ्यायला आधी त्याचा प्रवास पाहावा लागतो.

मोल्टकेचा जन्म २६ ऑक्टोबर १८०० चा, मेक्लेनबुर्गमधल्या पार्शिम गावचा. घराणं सरदारी, पण घरात पैशांची चणचण. १८०६ मध्ये फ्रेंच सैनिकांनी ल्युबेकमधलं त्यांचं घर लुटलं. मुलाचं सैनिकी शिक्षण कोपनहेगनमध्ये झालं, कारण कुटुंब तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या मुलखात राहत होतं. तिथे पुढे जाण्याची फारशी संधी नाही हे ओळखून १८२२ मध्ये तो प्रशियाच्या सैन्यात गेला. पगार पुरेना, म्हणून गिबनच्या रोमन साम्राज्यावरच्या अवाढव्य इतिहासाचं भाषांतर करायला घेतलं. मेहनत भरपूर झाली, पदरात फारसं काही पडलं नाही.

१८३५ मध्ये तो इस्तंबूलला गेला आणि चार वर्षं ऑटोमन सुलतानाच्या सैन्याचा सल्लागार होता. शहराचे नकाशे काढले, अनातोलिया घोड्यावरून पालथा घातला. जून १८३९ मध्ये नेझीबच्या लढाईआधी त्याने हाफिज पाशाला मागे हटून भक्कम जागा धरण्याचा सल्ला दिला. पाशाने तो मानला नाही आणि इजिप्तच्या इब्राहिम पाशाने ऑटोमन फौजेचा धुव्वा उडवला. पुढची पंचवीस वर्षं मोल्टकेने एकही युद्ध पाहिलं नाही.

या काळात त्याने पाहिली ती रेल्वे. जर्मनीत रूळ नुकतेच पडू लागले होते. मोल्टकेने आपली शिल्लक बर्लिन-हॅम्बुर्ग रेल्वेत गुंतवली, तिच्या संचालक मंडळावर काम केलं आणि १८४३ मध्ये रेल्वेचे मार्ग कसे निवडावेत यावर निबंध लिहिला. जनरल स्टाफचा प्रमुख झाल्यावर तेच डोकं त्याने युद्धाला लावलं. एका कोअरला किती गाड्या लागतील? दोन गाड्यांमध्ये किती अंतर? घोडे आणि तोफा उतरवायला किती वेळ? फौजा वेगवेगळ्या वाटांनी न्यायच्या आणि लढाईला एकत्र आणायच्या, हे त्याचं सूत्र. शत्रूशी पहिली मोठी गाठ पडेपर्यंतच योजनेवर भरवसा ठेवावा, पुढचं हाताखालच्या अधिकाऱ्यांच्या अकलेवर सोडावं, हेही त्याचंच.

१८६६ मध्ये प्रशियाने सैन्य पाच रेल्वेमार्गांनी हलवलं; ऑस्ट्रियाकडे एकच होता. क्योनिगग्रेट्सच्या आदल्या रात्री तारयंत्र कामी आलं नाही, म्हणून युवराजाच्या फौजेला बोलावणं घोडेस्वारांकरवी धाडावं लागलं. ती फौज दुपारी ऑस्ट्रियाच्या बगलेवर येऊन धडकली आणि निकाल लागला.

१८७० मध्ये फ्रान्सची पाळी आली. अठरा दिवसांत साडेचार लाखांहून जास्त सैनिक रेल्वेने सरहद्दीवर पोचले. २ सप्टेंबरला सेदान इथे एक लाखाच्या आसपास सैन्य शरण आलं, त्यात खुद्द सम्राट तिसरा नेपोलियन होता. वेळापत्रकाप्रमाणे युद्ध संपलं होतं.

पण ते संपलं नाही. दोनच दिवसांत पॅरिसमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली. वेढ्यातल्या पॅरिसमधून मंत्री गांबेता फुग्यात बसून निसटला आणि त्याने प्रांतांमध्ये नव्या फौजा उभ्या केल्या. गणवेश नसलेले बंदूकधारी रूळ उखडू लागले, जर्मन सैन्य बदल्यात गावं जाळू लागलं. युद्धविराम व्हायला २८ जानेवारी १८७१ उजाडली. शांत, पुस्तकी स्वभावाचा मोल्टकेही या काळात कडवट झाला. फ्रान्सला पुरतं मोडल्याशिवाय थांबू नये, यावरून त्याचं बिस्मार्कशी वाजलं. सम्राटाला पकडता येतं, अख्ख्या देशाला पकडता येत नाही, हा धडा तो विसरला नाही असं मला वाटतं.

मोल्टकेबद्दल गमतीने म्हणत की त्याला सात भाषा येतात आणि तो सातही भाषांत गप्प बसतो. त्याचा आवाज मात्र आजही ऐकता येतो. ऑक्टोबर १८८९ मध्ये एडिसनचा माणूस फोनोग्राफ घेऊन त्याच्या क्रायझाऊच्या वाड्यावर गेला होता. खरखरीतून येणारा तो म्हातारा आवाज मी इयरफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकला.

त्याच आवाजात १४ मे १८९० रोजी तो जर्मन संसदेत बोलला. राजे-मंत्र्यांनी ठरवून केलेल्या युद्धांचा काळ संपला, आता लोकांची युद्धं होतील, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. एखाद-दोन मोहिमांत कोणतंही मोठं राष्ट्र हार मानणार नाही. युद्ध सात वर्षं चालेल, कदाचित तीस वर्षं. आणि दारूच्या कोठारात पहिली ठिणगी टाकणाऱ्याचं काही खरं नाही. जर्मन लोकांच्या आठवणीत सप्तवार्षिक युद्ध होतं आणि अर्धा देश उजाड करणारं तीस वर्षांचं युद्धही. हे आकडे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

हे भाषण अनेकदा भविष्यवाणी म्हणून सांगितलं जातं. पण तो उभा राहिला होता सैन्य वाढवण्याच्या विधेयकाला पाठिंबा द्यायला! आपलं बळ पाहून शत्रू बिचकेल आणि शांतता राहील, हा त्याचा तर्क. त्याला मी ढोंगी म्हणणार नाही; तो खरोखर घाबरला होता. पण हाच तर्क पॅरिसमध्येही चालत होता आणि सेंट पीटर्सबर्गमध्येही. कोठाराची भीती दाखवत प्रत्येक जण त्यात आणखी दारू भरत होता.

२४ एप्रिल १८९१ रोजी मोल्टके गेला. १ ऑगस्ट १९१४ ला त्याच्या खुर्चीत त्याचा पुतण्या होता, नावानेही हेल्मुट फॉन मोल्टकेच. फ्रान्स युद्धाबाहेर राहील अशी चुकीची आशा लंडनहून आली, तेव्हा कैसरने त्याला सगळं सैन्य पूर्वेला वळवायला सांगितलं. पुतण्या म्हणाला, शक्य नाही. लाखोंची फौज हलवण्याची आखणी वर्षभर चालते, ती ऐन वेळी बदलत नाही. तुझ्या काकाने वेगळं उत्तर दिलं असतं, असं कैसरने त्याला सुनावलं.

ते बहुधा खरंही होतं. काकाने उतारवयात आखलेल्या योजनांमध्ये पश्चिमेला बचावच होता. योजना पहिल्या गाठीपर्यंतच टिकते, हा त्याचा नियम. पुतण्याच्या हाती आलेल्या योजनेला पहिली गाठ पडण्याआधीसुद्धा कुणी हात लावू शकत नव्हतं. गाड्या ठरल्या वेळी सुटल्या.