जुन्या फिती आणि नवा रुंद पडदा

चित्रपटाच्या इतिहासाचा आरंभच कामगारांपासून होतो, याचा आम्हा चळवळीतल्या मंडळींना मोठा अभिमान वाटतो. १८९५ साली ल्यूमिएर बंधूंनी फ्रान्समधील लिआँ येथे आपल्याच कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या स्त्रीपुरुषांचे चित्रण केले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आपल्या देशातला पहिला खेळ झाला, त्यातही ते दाखविले गेले. पाऊण मिनिटाचे चित्र! लांब झगे घातलेल्या बाया, सायकलवाले आणि मध्येच पायांत घोटाळणारा एक कुत्रा. मालकांना आपल्या यंत्राची करामत दाखवावयाची होती. आम्हांला त्यातून कामकऱ्यांच्या चालीचा पुरावा मिळाला.

या पुराव्याचे पुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे. जुने चित्र चार हात रुंद असेल तर तीन हात उंच असे. आजचा पडदा सोळास नऊ, म्हणजे चार हात रुंदीला सव्वादोन हातच उंच. माहितीपट करणाऱ्यापुढे मग तीन वाटा उरतात. चित्र आडवे ताणावे, तर माणसे एक तृतीयांशाने रुंद होतात आणि उपाशी संपकरी गुटगुटीत दिसू लागतो! ते वरखाली छाटावे, तर पाऊण हात, म्हणजे चौथा हिस्सा, कायमचा जातो. किंवा अखंड ठेवून दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या सोडाव्यात. या पट्ट्या प्रेक्षकाला खुपतात म्हणून बहुतेक जण कात्री उचलतात. १९७३ साली इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धावर सव्वीस भागांची एक थोर मालिका निघाली. २०१० साली तिची नवी आवृत्ती काढताना तिलाही ही कात्री लागली.

आम्ही मोर्चे काढलेली माणसे. मोर्चाच्या चित्रात वर फलक असतात, खाली पाय असतात. मागणी काय होती हे फलक सांगतात. कोण अनवाणी होता आणि कोणाच्या पायात पायताण होते, हे पाय सांगतात. दोन्ही छाटले की मधली तोंडे उरतात, आणि तीही बहुधा पुढाऱ्यांची.

वेगाची दुरुस्ती मात्र आम्हांला मान्य आहे. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवीत, सेकंदाला सुमारे सोळा-अठरा चित्रे घेत. ती चोविसाच्या गतीने दाखविली की माणसे तुरुतुरु पळतात आणि मिरवणुकीचा तमाशा होतो. पीटर जॅक्सन यांनी २०१८ साली पहिल्या महायुद्धातील चित्रणाची चाल सुधारली तेव्हा सैनिक माणसासारखे चालू लागले. रंगही त्यांनी भरले. चाल सुधारणे म्हणजे मूळ गोष्ट परत मिळविणे. रंग हा शेवटी तर्कच, आणि तसे पडद्यावर लिहावयास हवे.

आपल्याकडे तर मुळातच थोडे उरले आहे. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, त्याआधी कितीतरी फिती नाहीशा झालेल्या होत्या. त्यातून जुनी फीत नायट्रेटची, ठिणगीला वाट पाहणारी. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच आग लागून अशा हजारो रिळांची राख झाली. आगीतून वाचलेले आपण हाताने कापावे काय?

आणि हे दूरचे दुखणे नव्हे. २०१९ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेचे पाणी कुरुंदवाडात शिरले, तेव्हा लोकांनी मोबाइल उभा धरून चित्रे घेतली. उभे चित्र रुंद पडद्यावर पसरून बसवू गेल्यास त्याचा तिसरा हिस्साही उरत नाही. पाणी दिसेल, पण ते कोणत्या माळ्यापर्यंत चढले आणि वर कठड्याशी कोण उभे होते, हे दिसणार नाही. म्हणून ती चित्रे आत्ताच गोळा करून, गल्ली, तारीख आणि वेळ लिहून, न छाटता वाचनालयात ठेवावीत. पुढे माहितीपट करणारा येईल, त्याने बाजूला खुशाल काळ्या पट्ट्या सोडाव्यात.