वर्डप्रेस थीमचे मराठी भाषांतर : कोणती फाइल कुठे ठेवायची?

वर्डप्रेसच्या साइटवर लेख मराठीत असतो, पण त्याखाली ‘रीड मोअर’ इंग्रजीतच दिसते. हे शब्द लेखातले नसून थीममधले असतात. ते बदलण्यासाठी कोडला हात लावायची गरज नाही, त्यासाठी वेगळ्या भाषांतर फाइल असतात.

पीओटी फाइल म्हणजे कोरा साचा. त्यात थीममधली इंग्रजी वाक्ये आणि प्रत्येकापुढे रिकामी जागा असते. त्यावरून मराठीची पीओ फाइल तयार होते आणि भाषांतर तिच्यात लिहायचे. साइट मात्र पीओ वाचत नाही, तिच्यापासून बनलेली एमओ वाचते. पोएडिट हे सॉफ्टवेअर पीओ सेव्ह करताना एमओही बनवते. अनेकजण फक्त पीओ अपलोड करतात आणि मग काहीच का बदलले नाही म्हणून शोधत बसतात.

सगळ्यात जास्त घोळ नावात होतो. हिंदीच्या कोडमध्ये ‘एचआय’नंतर अंडरस्कोअर आणि ‘आयएन’ येते. ते पाहून मराठीलाही ‘आयएन’ जोडले जाते. पण वर्डप्रेसमध्ये मराठीचा कोड नुसता ‘एमआर’ आहे (प्रत्यक्ष नाव इंग्रजी लहान अक्षरांत). थीमच्या ‘लँग्वेजेस’ फोल्डरमध्ये फाइलचे नाव एवढेच ठेवायचे. फाइल ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मधल्या ‘लँग्वेजेस’च्या ‘थीम्स’ फोल्डरमध्ये ठेवायची असेल, तर आधी थीमचे टेक्स्ट डोमेन, मग हायफन आणि मग ‘एमआर’. टेक्स्ट डोमेन म्हणजे थीमची भाषांतरासाठीची ओळख. ते थीमच्या मुख्य स्टाइल फाइलमध्ये सुरुवातीलाच दिलेले असते.

आता जागेचा प्रश्न. थीम अपडेट झाली की तिचे जुने फोल्डर जाऊन नवे येते. आत ठेवलेली मराठी फाइलही त्याबरोबर जाते, मग ती करायला आठवडा लागलेला असो. बाहेरचे ‘थीम्स’ फोल्डर यातून वाचते, पण थीमचा अधिकृत मराठी भाषापॅक आला तर त्याच नावाची फाइल बदलली जाऊ शकते. लोको ट्रान्सलेट प्लगइन ‘लँग्वेजेस’मध्येच ‘लोको’ नावाचे स्वतःचे फोल्डर वापरते, आणि त्याला कोणतेही अपडेट हात लावत नाही. स्वतःचे भाषांतर ठेवायला हीच जागा बरी. शिवाय पीओची एक प्रत आपल्या संगणकावर हवीच, कारण एमओ पुन्हा बनवता येते.

थीमच्या नव्या आवृत्तीत नवी वाक्ये असतात. तेव्हा पहिल्यापासून सुरुवात करू नये. पोएडिटमध्ये जुनी पीओ उघडून ती नव्या पीओटीवरून अपडेट करावी. जुने भाषांतर तसेच राहते. जिथे मूळ इंग्रजी वाक्य थोडे बदलले आहे, तिथे ‘फझी’ अशी खूण लागते. अशी वाक्ये तपासून खूण काढेपर्यंत ती एमओमध्ये जात नाहीत आणि साइटवर तेवढ्या जागी इंग्रजीच दिसत राहते.