लोह : अर्भकाच्या मेंदूच्या जडणघडणीतील कार्य

गर्भावस्थेची शेवटची तिमाही आणि जन्मानंतरची पहिली दोन वर्षे या काळात मेंदूतील चेतापेशी झपाट्याने वाढतात, त्यांना फाटे फुटतात आणि त्या एकमेकींशी जोडल्या जातात. या कामाला लोह लागते. पेशीतील ऊर्जानिर्मिती लोहयुक्त प्रथिनांवर चालते. डोपामिन व सेरोटोनिन बनवणाऱ्या विकरांनाही लोहाची जोड हवी असते.

मेंदूत लोहाचा भरणा सर्वाधिक असतो तो ऑलिगोडेन्ड्रोसाइट पेशींत. चेतातंतूंभोवती मायलिनचे मेदयुक्त वेष्टन याच पेशी गुंडाळतात. केळीच्या सोपटासारखे, थरावर थर. लोह कमी पडले की वेष्टन विरळ राहते आणि संदेश रेंगाळतो. चिलीमध्ये ६ महिन्यांच्या बाळांच्या कानात टिकटिक आवाज सोडून, तो संदेश मेंदूच्या देठातून पुढे सरकण्यास किती वेळ लागतो हे डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडने मोजले गेले (१९९८). लोहाअभावी पंडुरोग झालेल्या बाळांत हा वेळ जास्त भरला. औषधाने हिमोग्लोबिन सुधारले, तरी दीड वर्षाच्या वयातही फरक उरलाच होता.

याचे मूळ वाटपाच्या क्रमात आहे. लोह अपुरे असले की शरीर आधी तांबड्या पेशींची सोय पाहते, मेंदूचा नंबर नंतर. त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही मेंदूची उपासमार सुरू झालेली असू शकते. पंडुरोग हे उशिराचे लक्षण; साठा दाखवणारे फेरिटिन त्याआधीच घसरते.

पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात दर किलो वजनामागे सुमारे ७५ मिग्रॅ लोह असते. त्यातले बरेचसे शेवटच्या तिमाहीत वारेतून येते, म्हणून अपुऱ्या दिवसांचे बाळ इथेच मागे पडते. नाळ कापण्यापूर्वी किमान १ मिनिट थांबावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस याच हिशेबातली. ही शिदोरी साधारण ६ महिने पुरते. आईच्या दुधात लोह थोडे, पण चांगले शोषले जाणारे. उष्टावणानंतर चमच्याने भरवल्या जाणाऱ्या वरणाच्या पाण्यात मात्र ते नावापुरतेच. डाळ पातेल्याच्या तळाशीच राहते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के मुले पंडुरोगी आढळली. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात (२०१८) या वयाच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा १ मिलि सिरप ठरवले आहे. त्यात २० मिग्रॅ लोह असते. सिरपने बाळाची शी काळी होते. त्यात धोका काही नाही, पण आशाताईंनी (आरोग्य स्वयंसेविकांनी) आधी सांगितले नसेल, तर दुसऱ्याच दिवशी बाटली फळीवर जाते.