पत्ता चुकला, घर नव्हे

वाडवडिलांची जमीन शोधायला निघालेल्या माणसाला एक अनुभव हमखास येतो. जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर असतो, तलाठ्याकडे मात्र गट नंबर चालतो. जमीन जागची हललेली नसते. पण जुन्या नंबरावरून नव्यावर नेणारा तक्ता हाती नसेल तर ती सापडत नाही. संगणकाच्या स्मृतीचा इतिहास वाचताना मला हा तक्ता सारखा आठवतो. एकदा तो न पडताळताच मी निकाल देऊन मोकळा झालो, त्याचीही ही हकीकत आहे.

सुरुवातीच्या यंत्रांत पत्ता म्हणजेच जागा होती. १९५०नंतर स्मृती बनू लागली ती तारांत ओवलेल्या फेराइटच्या बारीक कड्यांची. या कड्यांना ‘कोअर’ म्हणत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेल्या टिफ्रॅक या संगणकातही अशीच २०४८ शब्दांची स्मृती होती. कार्यक्रम कोसळला की स्मृतीतला मजकूर जसाच्या तसा छापून काढत, तो ‘कोअर डंप’. कड्या गेल्या, शब्द मात्र टिकला.

पत्ता आणि जागा यांची फारकत झाली ती इंग्लंडमध्ये. ७ डिसेंबर १९६२ रोजी मँचेस्टर विद्यापीठात ॲटलास संगणकाचे उद्घाटन झाले. त्याची कोअर स्मृती १६,३८४ शब्दांची, वेगवान पण महाग. फिरत्या चुंबकीय ड्रमवर ९८,३०४ शब्द मावत, पण तो संथ. या दोहोंमधली ने-आण तोवर प्रोग्रामरलाच करावी लागे. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतीची ५१२ शब्दांची ‘पाने’ पाडली. कोअरमध्ये अशी ३२ पाने मावत. प्रत्येक जागेवर सध्या कोणते पान आहे, हे सांगणारी एकेक नोंद यंत्रातच ठेवली. मागितलेले पान तिथे नसेल तर यंत्र ते ड्रमवरून आपणहून आणी. प्रोग्रामरला दिसे तो एकच सलग साठा. बर्लिनमध्ये फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युंच यांनी आपल्या प्रबंधात अशीच कल्पना त्याआधी मांडली होती. चालत्या यंत्रात ती उतरली मँचेस्टरला.

इंटेलच्या ३८६ प्रोसेसरने १९८५मध्ये ही सोय मेजावरच्या संगणकात आणली. हा तक्ता मुख्य स्मृतीतच राहतो. ३८६वर तो दोन पायऱ्यांचा होता, आजच्या ६४-बिट यंत्रांवर सहसा चार पायऱ्यांचा असतो. ४८ बिटांच्या आभासी पत्त्यातले नऊ-नऊ बिट एकेका पायरीवरच्या ५१२ नोंदींपैकी एक निवडतात. उरलेले बारा ४०९६ बाइटच्या पानातली नेमकी जागा दाखवतात. म्हणजे जागा सांगणारी वही त्याच घरात ठेवलेली आहे.

चालू संगणकात हे भाषांतर प्रोसेसर करतो. पण लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, कोसळला तर? २००५च्या सुमारास आलेल्या केडंप व्यवस्थेत अशा वेळी राखून ठेवलेल्या जागेतून दुसरा छोटा कर्नेल उठतो आणि पहिल्याची स्मृती फाइलमध्ये उतरवतो. फाइल भौतिक जागांनुसार लावलेली असते. आतले सगळे दाखले मात्र आभासी पत्त्यांचे. ते जुळवण्याचे काम रेड हॅटच्या डेव्ह अँडरसन यांनी अनेक वर्षे सांभाळलेले ‘क्रॅश’ हे साधन करते. त्यात एक जवळची वाटही आहे. कर्नेल सगळी भौतिक स्मृती आपल्या पत्त्यांच्या एका सलग पट्ट्यात मांडतो. त्या पट्ट्याचा आरंभ वजा केला की भौतिक जागा मिळते. हा आरंभ वर्षानुवर्षे ठरलेला होता. पुढे घुसखोराला पत्ता कळू नये म्हणून तो हलवू लागले. २०१४मध्ये (आवृत्ती ३.१४) कर्नेलची स्वतःची जागा दर वेळी बदलण्याची सोय आली, २०१६मध्ये (४.८) या पट्ट्याच्या आरंभाचीही. चोर गोंधळला, आणि पंचनामा करणाराही.

त्या गोंधळात मी सापडलो. एका छोट्या छापखान्याचा सर्व्हर अधूनमधून बंद पडे. महिन्यापूर्वीच एका तरुण तंत्रज्ञाने त्यात नवी रॅम बसवली होती. डंप माझ्याकडे आला. माझ्याकडचे साधन जुने होते. कर्नेलची आवृत्ती त्याने बरोबर वाचली, म्हणून मी निर्धास्त झालो. पुढचा जवळजवळ प्रत्येक पत्ता मात्र ‘वाचता येत नाही’. मी मालकांना सांगून टाकले, रॅम खराब आहे. त्या मुलाचे पैसे अडले.

रात्री शंका आली. खराब रॅम कुठेतरी चुकेल. एका जातीचे सगळे पत्ते सरसकट कसे चुकतील? कागद-पेन्सिल घेतली. कर्नेलच्या स्वतःच्या भागाचे पत्ते उघडत होते, त्यामुळे मूळ तक्त्याची जागा मिळाली. तिथून नऊ-नऊ बिट घेत चार पायऱ्या हाताने उतरलो, शेवटचे बारा बिट जोडले आणि ती भौतिक जागा थेट वाचली. समोर एका चालू प्रक्रियेची नोंद होती, नावासकट. मजकूर शाबूत होता. साधन जुनाच आरंभ वजा करत होते आणि हिशेब स्मृतीच्या हद्दीबाहेर जात होता.

नव्या आवृत्तीने आरंभ डंपमधूनच वाचला आणि सगळे उघडले. दोष एका ड्रायव्हरचा निघाला: मोकळी केलेली जागा तो पुन्हा वापरत होता. सकाळी मालकांना फोन केला, मग त्या मुलाला. तो एवढेच म्हणाला, “काका, रॅम मी दोनदा तपासली होती. तेव्हाही सांगितलं होतं.” सांगितले होते खरे, मी ऐकले नव्हते.

त्याचे पैसे त्याच आठवड्यात मिळाले. मी मात्र तेव्हापासून एक नेम केला आहे. कोणताही डंप आला की आधी एक पत्ता चारही पायऱ्यांनी हाताने उतरून पाहतो, आणि तो जुळेपर्यंत कोणाचे नाव घेत नाही. जुन्या कागदपत्रांतही आता तेच करतो. नोंद सापडली नाही, यावरून ती नव्हतीच असे ठरत नाही. आधी आपला तक्ता कोणत्या सालचा आहे, ते पाहावे लागते.