पोटावरची पिशवी

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर मलविसर्जनाची नवी वाट काढली, की जीव वाचे. पण घराबाहेर पडायची हिंमत राहत नसे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रुग्णांच्या वाट्याला कापडाच्या घड्या आणि पट्ट्याने आवळलेली रबरी वा धातूची भांडी येत. गळती, दुर्गंधी आणि सोललेली कातडी हे रोजचेच.

डेन्मार्कमधली थोरा अशीच घरात कोंडली गेली होती. तिची बहीण एलिस सोरेन्सन परिचारिका होती. त्वचेला थेट चिकटणारी, वापरून टाकून देता येणारी प्लास्टिकची पिशवी तिला १९५४ मध्ये सुचली. प्लास्टिक उत्पादक ओये लुईस-हान्सेन यांनी ती बनवायला आधी नकार दिला. त्यांची पत्नी योहाना हिचं शिक्षण मात्र परिचारिकेचं. या पिशवीचं मोल तिला लगेच उमगलं आणि तिने नवऱ्याला राजी केलं. त्यातूनच १९५७ मध्ये ‘कोलोप्लास्ट’ ही कंपनी उभी राहिली.

त्याच दशकात अमेरिकेत क्लीव्हलँडचे सर्जन रूपर्ट टर्नबुल त्वचेच्या रक्षणासाठी कराया डिंक वापरू लागले. हा डिंक कांडोळाचा. सह्याद्रीत दिसणारं, पांढुरक्या सालीचं हेच ते झाड! स्वतः पिशवी लावणाऱ्या नॉर्मा गिल यांना टर्नबुलनी १९५८ मध्ये रुग्णांच्या मदतीला नेमलं. १९६१ मध्ये तिथे या शुश्रूषेचं रीतसर शिक्षण सुरू झालं. शस्त्रक्रियेआधीच रुग्णाला बसवून, वाकवून पोटावरची योग्य जागा शाईने आखणं हे अशा परिचारिकेचं अत्यंत मोलाचं काम. ही जागा घडीत गेली, तर उत्तम पिशवीही गळते.